गेरू, चुना आणि फिक्या गुलाबी भिंती

दिवाणखान्यातली ती मऊ, गुलाबीकडे झुकणारी मातकट छटा परदेशी शेडकार्डांनी आणली, हे मला पटत नाही. चुन्याचा स्वभावच तिच्याकडे नेतो. विरलेला चुना तीव्र अल्कधर्मी. हळद त्यात लाल होते आणि उजेडात उडते. टिकतात त्या लोहयुक्त माती, गेरू आणि पिवडी, ज्यांनी अजिंठ्याची चित्रेही रंगली. पांढऱ्या चुन्यात थोडा गेरू पडला की नेमकी हीच ऊबदार छटा उमटते. एशियन पेंट्स मुंबईत १९४२ साली निघाली, त्याच्या कितीतरी आधीपासून. कोणी म्हणेल, गेरू जोत्याला आणि पट्ट्यांना; आतल्या भिंती नीळ घातलेल्या पांढऱ्याच. खरे आहे. माझा दावा प्रत्येक घराचा नाही, साधनांचा आहे: ही छटा मिळवायला कारखाना लागत नव्हता.