ड्रॅगनचा शेवटचा छापील अंक



आजचा विषय माझ्या नेहमीच्या विषयांपेक्षा वेगळा वाटेल. पानिपत नाही, बर्मा आघाडी नाही. आज एका अमेरिकन मासिकाची गोष्ट सांगणार आहे, आणि तेही खेळाच्या मासिकाची. याला कारण इंदूरहून आलेलं एक पत्र. खरोखरचं पत्र, शाईचं, आंतर्देशीयावर लिहिलेलं. लिहिणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांचं म्हणणं असं, की या व्याख्यानांचं तुम्ही ई-बुक काढलंत ते ठीक, पण आमच्यासारख्यांनी काय करायचं? मोबाइल उशाशी ठेवला की झोप उडते आणि पुस्तक उशाशी ठेवलं की झोप येते. हे पुस्तक छापत का नाही?

उत्तर लिहायला बसलो आणि पुतण्याची आठवण झाली. 2007 सालच्या एप्रिल महिन्यात त्याचा फोन आला होता. तेव्हा तो हैदराबादला नोकरीला होता. आवाज असा, की मला वाटलं घरात काही वाईट घडलं. "काका, ड्रॅगन बंद होतोय." मी विचारलं, कोण ड्रॅगन? कारण आम्हा फौजी माणसांना ड्रॅगन म्हटलं की एकच शेजारी आठवतो.

तर हा ड्रॅगन कोण, ते आधी सांगतो. त्यासाठी थोडं मागे, 1824 साली, प्रशियात जावं लागेल. तिथं राइसवित्झ नावाच्या एका तरुण लेफ्टनंटनं आपल्या वडिलांचा एक खेळ सुधारून सेनाप्रमुखांपुढे मांडला. मोठा नकाशा, त्यावर पलटणींचे छोटे ठोकळे, फासे, आणि निकाल देणारा एक पंच. दोन्ही बाजूंना एकमेकांचे ठोकळे सगळे दिसायचे नाहीत. काय दिसलं आणि काय नाही, ते पंच सांगणार. खेळाचं नाव क्रीग्सश्पील, म्हणजे युद्धाचा खेळ. प्रशियाच्या पलटणींमध्ये तो शिकवला जाऊ लागला. महूला किंवा आणखी कुठे ज्यांनी सँड मॉडेलभोवती उभं राहून घाम गाळलाय, त्यांना या खेळाची पुढची पिढी चांगली ठाऊक आहे. वाळूचा डोंगर, निळ्या लोकरीची नदी, हातात काठी घेतलेला इन्स्ट्रक्टर आणि त्याचा तो प्रश्न: "शत्रूनं इथून तोफा सुरू केल्या, आता तुम्ही काय करणार?"

हाच प्रश्न पुढे शौकीन नागरिकांच्या हाती गेला. 1913 साली एच. जी. वेल्स या लेखकानं खेळण्यातल्या शिपायांनी लढाया कशा खेळायच्या यावर 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहिलं. मग अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या छोट्या गावात गॅरी गायगॅक्स नावाचा गृहस्थ निघाला. विमा कंपनीतली नोकरी गेल्यावर तो घरी चपला-बूट दुरुस्त करून संसार चालवत होता आणि रात्री लढायांचे नियम लिहीत होता. मिनेसोटातल्या डेव्ह आर्नेसननं त्यात नवी गोष्ट आणली. पलटण हलवण्याऐवजी प्रत्येक खेळाडूनं एकच माणूस व्हायचं आणि तळघरात, भुयारात उतरायचं. पंच तोच राहिला. आता तो गोष्ट सांगू लागला. 1974 च्या जानेवारीत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाला. पहिली छपाई हजार प्रतींची होती आणि पेट्या घरच्या लोकांनीच भरल्या. पडदा नाही, यंत्र नाही. टेबल, कागद, पेन्सिल, फासे आणि चार-पाच मित्र.

असा खेळ खेळणाऱ्यांची मोठी अडचण म्हणजे एकटेपणा. गावात मिळून पाच माणसं. एखाद्या नियमाचा अर्थ काय, नवा राक्षस कुठून आणायचा, दुसरे लोक कसे खेळतात, हे विचारायचं कोणाला? म्हणून 1975 साली गायगॅक्सच्या टीएसआर कंपनीनं एक पातळ पत्रिका काढली आणि 1976 च्या जूनमध्ये तिच्या जागी 'द ड्रॅगन' हे मासिक आलं. टिम कास्क त्याचा पहिला संपादक. 1986 साली जोडीला 'डंजन' आलं. त्यात थेट खेळायला घेता येतील अशा तयार मोहिमा असायच्या.

या मासिकाचं मोठेपण मला एका उदाहरणातून कळलं. कॅनडातल्या एड ग्रीनवुड या ग्रंथालयात काम करणाऱ्या तरुणाच्या डोक्यात लहानपणापासून एक कल्पित जग होतं. 1979 पासून तो ड्रॅगनला लेख पाठवू लागला. त्या लेखांतून हळूहळू त्याचं जग बाहेर आलं, कंपनीनं ते विकत घेतलं, आणि 'फरगॉटन रेल्म्स' या नावानं आज लाखो लोक त्यात खेळतात. म्हणजे वाचक हाच उद्याचा लेखक, आणि मधला दरवाजा हे मासिक. आपल्याकडे दिवाळी अंकांनी किती जणांना असा दरवाजा उघडून दिला, ते तुम्हाला मी सांगायला नको.

माझा पुतण्या या दुनियेत शिरला तो हैदराबादच्या आबिड्समधल्या रविवारच्या फुटपाथवरून. मी तेव्हा सिकंदराबादला होतो आणि तो सुट्टीला आला होता. जुन्या इंग्रजी मासिकांच्या ढिगात त्याला ड्रॅगनचे तीन अंक मिळाले. कोपरे दुमडलेले, एकाचं मुखपृष्ठ गायब. तीसेक रुपयांत सौदा झाला. पुढची सहा वर्षं तो दर सुट्टीत तो ढीग उपसायचा. खेळ त्याला भेटला तोच मुळी मासिकातून, नियमांची पुस्तकं नंतर आली.

आता 2007 कडे येऊ. मधल्या काळात मूळ कंपनी कर्जात बुडाली. 1997 साली विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनं ती घेतली आणि 1999 साली विझार्ड्सलाच हॅस्ब्रो या खेळण्यांच्या बड्या कंपनीनं घेतलं. 2002 पासून दोन्ही मासिकं पायझो नावाची छोटी कंपनी परवान्यावर काढत होती आणि, जाणकारांच्या मते, उत्तम काढत होती. 19 एप्रिल 2007 रोजी जाहीर झालं, की परवाना वाढवला जाणार नाही. ड्रॅगनचा 359 वा आणि डंजनचा 150 वा अंक हे शेवटचे छापील अंक. विझार्ड्सचं म्हणणं असं, की आता लोक अशी माहिती इंटरनेटवरच शोधतात, आणि तिथून जगभरच्या वाचकांपर्यंत जास्त पोचता येईल.

युक्तिवाद खोटा नव्हता. अमेरिकेबाहेरच्या वर्गणीदाराला टपालखर्च जड जायचा, अंक महिना-महिना उशिरा यायचे. माझ्या पुतण्याला तर चालू अंक कधी दिसलाच नाही. नियमाप्रमाणे त्यानं आनंदायला हवं होतं. पण तोही रडकुंडीला आला होता, आणि ते मला तेव्हा विचित्र वाटलं. तू कधी वर्गणीदारही नव्हतास, मग तुझं काय गेलं? तो म्हणाला, "काका, आता फुटपाथवर काय येणार?"

मी गप्प बसलो. खरंच, वेबसाइटचा जुना अंक कुठल्या रद्दीत मिळणार?

चाहते भडकले ते अनेक कारणांनी. कोणाकडे पहिल्या अंकापासूनची रांग होती आणि ती आता कायमची अपुरी राहणार होती. कोणाला टेबलावर अंक उघडा ठेवून खेळायची सवय. कोणाचं म्हणणं, दर महिन्याला टपालपेटी उघडण्याचं सुखच गेलं. वर्गणी भरलेल्यांना पायझोनं उरलेल्या अंकांच्या बदल्यात दुकानात खर्चायला जमा रक्कम किंवा आपलं नवं प्रकाशन देऊ केलं, त्यामुळे पैशाचं भांडण फार पेटलं नाही. राग होता तो वेगळाच, आणि तो मला फौजी म्हणून पटतो.

आमच्याकडे एक साधा धडा आहे. चौकी सोडायची तर पुढची चौकी आधी ताब्यात हवी, आणि जवानांना ती दिसायला हवी. इथं एप्रिलमध्ये सांगितलं, मासिक बंद. त्याच्या जागी नक्की काय, कसं, किती पैशांत, हे नंतर सांगू. ऑगस्टमध्ये जेन कॉन या त्यांच्या वार्षिक मेळ्यात खेळाची चौथी आवृत्ती आणि डिजिटल सेवा जाहीर झाली. म्हणजे मधले चार महिने माणसं उघड्या मैदानात. ज्यांना तीस-तीस वर्षं सवय लावली, त्यांना असं उभं ठेवायचं नसतं. शिवाय त्या सेवेतलं मोठं आकर्षण होतं संगणकावरचं आभासी टेबल. ते वेळेवर आलं नाही आणि पूर्ण स्वरूपात कधीच आलं नाही. लेख वेबवर सुटे सुटे येऊ लागले, पुढे वर्गणीच्या कुंपणाआड गेले. 2013 च्या डिसेंबरमधल्या 430 व्या अंकावर तेही थांबलं. 2015 साली ड्रॅगन प्लस नावाचं ॲप आलं, 2022 साली तेही संपलं.

आणि पायझो? त्यांना परवाना जाणार हे काही महिने आधीच कळलं होतं. डंजनमध्ये बारा भागांची एक मोहीम चालू होती, ती पूर्ण होईल इतकी मुदत त्यांनी मागून घेतली. वाचकाला अर्ध्या गोष्टीत सोडायचं नाही म्हणून मुदत मागणारा प्रकाशक मला आवडतो. मासिकं बंद होणार हे जाहीर झालं त्याच दिवशी त्यांनी 'पाथफाइंडर' ही नवी मासिक मालिका जाहीर केली. छापील, कागदावरची. पहिला भाग त्याच ऑगस्टमध्ये हातात. खेळाचे मूळ नियम 2000 सालापासून एका खुल्या परवान्याखाली इतरांना वापरता येत होते, त्याचा आधार घेऊन 2009 साली त्यांनी स्वतःचा पूर्ण खेळच काढला. 2011 च्या सुमारास दुकानांतल्या विक्रीच्या पाहणीत हा खेळ मूळ खेळाच्याही वर गेला. काढून टाकलेल्या तुकडीनं स्वतःचा झेंडा रोवला म्हणा ना.

म्हणून कागद जिंकला, असं म्हणून मी टाळ्या घेणार नाही. पायझोची फाइल-विक्रीही जोरात होती. आणि ड्रॅगनचं डिजिटल रूप 2007 च्या आधीही येऊन गेलं होतं. 1999 साली पहिले अडीचशे अंक सीडींच्या संचात निघाले होते. स्वस्त, शोधायला सोपे, कपाटात चार बोटं जागा. माझ्या पुतण्याचं स्वप्न! पण त्यात अनेक लेखकांचं, चित्रकारांचं काम त्यांना न विचारता पुन्हा छापलं गेलं अशी तक्रार झाली. एका व्यंगचित्रमालिकेच्या मालकांशी तर तडजोड करावी लागली. 2001 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं न्यूयॉर्क टाइम्सच्या एका खटल्यात स्वतंत्र लेखकांच्या बाजूनं निकाल दिला, तेव्हा सगळ्याच प्रकाशकांचे कान उभे राहिले. कागदावर दिलेला हक्क आपोआप संगणकावर जात नाही, हा मुद्दा आपल्या मराठी प्रकाशकांनीही डोक्यात ठेवावा. जुने दिवाळी अंक स्कॅन करून विकताना कथालेखकाला कोण विचारतं?

दिवाळी अंकांवरून आठवलं. एका हिवाळ्यात मी अशा चौकीवर होतो, जिथे हेलिकॉप्टर आलं तर डाक, नाहीतर नाही. बायकोनं पाठवलेला दिवाळी अंक जानेवारीच्या शेवटी पोचला. आम्ही दोघंच मराठी, मी आणि साताऱ्याकडचा एक हवालदार. तो अंक आम्ही पुरवून पुरवून वाचला. तो मला म्हणायचा, "साहेब, आज एकच कथा. उद्याला ठेवा." जाहिरातीसुद्धा वाचून झाल्या. शेवटी पानं सुटली तेव्हा त्यानं ती स्टोव्हला लावू दिली नाहीत, दाभण आणि दोऱ्यानं शिवली. आज त्याच चौकीवर कदाचित मोबाइलला रेंज असेल आणि तिथला जवान हे व्याख्यान ऐकत असेल. ते मला आवडेल. माझं ई-बुक आसाममधल्या, चेन्नईतल्या, जम्मूतल्या मराठी घरात त्याच दिवशी पोचतं, छापील पुस्तक तिथल्या दुकानात कधीच पोचलं नसतं. छापायला पैसे लागतात, गठ्ठे ठेवायला जागा लागते, आणि माझ्या पेन्शनकडे या दोन्हींसाठी फारशी सहानुभूती नाही.

पण मीही हात पोळून घेतलाय. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी पैसे भरून लष्करी इतिहासाची सात-आठ पुस्तकं ऑनलाइन घेतली होती. एक दिवस सेवा बंद, पुस्तकं गायब. समासात मी लिहिलेल्या टिपाही गेल्या. पुस्तकं पुन्हा मिळतील, टिपा नाही मिळणार. पुतण्याला फोन करून सांगितलं तर पठ्ठ्या हसला. "काका, 2007 साली मी रडत होतो तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात?"

त्याचे आबिड्सचे अंक अजून आहेत. आता बेंगळुरूच्या घरी, प्लास्टिकच्या पिशव्यांत, डांबरगोळ्या घालून. त्याची मुलगी अकरा वर्षांची आहे, शनिवारी मैत्रिणींना जमवून डंजन मास्टर होते आणि बिनमुखपृष्ठाच्या अंकातला राक्षस त्यांच्या अंगावर सोडते.

तर इंदूरच्या बाई, तुमच्या पत्राचं उत्तर. पुस्तक छापणं मला जमत नाही. पण पहिल्या बारा व्याख्यानांची फाइल मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात काढून घेतली आहे, स्पायरल लावून. सोमवारी स्पीड पोस्टनं टाकली. समास मुद्दाम रुंद ठेवलाय. पोचली की एक ओळ लिहा. आणि आणखी कोणाला फाइल छापून घ्यायची असेल तर खुशाल घ्या. ती कुलूपबंद नाही, माझी परवानगी आहे.

पुढच्या वेळी पुन्हा बर्मा. कोहिमाचं टेनिस कोर्ट राहिलंय आपलं.