नादाचे पेव

मराठवाड्याच्या खेड्यांतून पूर्वी ज्वारी पेवात साठवीत. जमिनीत खोल खोदलेले, तोंडाशी अरुंद व पोटाशी रुंद असे हे कोठार. त्यात उतरण्यापूर्वी आतली कोंदट हवा जाऊ द्यावी लागे, नाही तर उतरणारा गुदमरे. ज्याच्या पेवात दाणा, त्याचे वाईट वर्षही निभावून जाई. ज्याचे पेव रिकामे, त्याला मोंढ्यातल्या भावावर जगावे लागे. आजचा विषय धान्याचा नसून गाण्याचा आहे; घरात बसून, यंत्रातून ऐकण्याच्या गाण्याचा. पण प्रश्न तोच. गाण्याचे कोठार कोणाच्या ताब्यात होते आणि त्याचा प्रवाह कोणाच्या मर्जीने वाहत होता, हे गेल्या सव्वाशे वर्षांत नांदेड-लातूरकडे कसकसे बदलत गेले, ते श्रोत्यांपुढे मांडावयाचे आहे.

कलकत्त्यास 1902 साली गौहरजानचे गाणे तबकडीसाठी मुद्रित झाले. त्या तबकड्या आरंभी जर्मनीतील हॅनोव्हरहून छापून येत. 1908 साली कलकत्त्यातच कारखाना निघाला. आपल्याकडे रेल्वे पोचली तीही याच सुमारास. नांदेडला निजामाच्या रेल्वेचा गोदावरी खोऱ्यातला मीटरगेज मार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आला, आणि लातूरला बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी 1911 साली येऊन थांबली. कापूस आणि तेलबिया बाहेर नेणाऱ्या या मार्गांनीच शहरी नवलाईच्या वस्तू आत आल्या. ग्रामोफोन हे त्यांतलेच एक नवल. किल्ली द्यावी, सुई बदलावी, तबकडी फिरवावी, की तीन-साडेतीन मिनिटे गाणे. ज्या गवयाला एक राग मांडावयाला तासभरही अपुरा पडे, त्याला तेवढ्यात आलाप, चीज आणि तान उरकावी लागे. काही गवयांना हे साधलेच नाही; अब्दुल करीम खाँसाहेबांना मात्र असे साधले की त्यांच्या निधनाला, म्हणजे 1937 सालाला, इतकी वर्षे लोटली तरी त्यांच्या तबकड्या कोणी अपुऱ्या म्हणत नाही.

तबकडी विकत घेतली की ती आपली. वीज नको, परवाना नको. या अर्थी ती घरच्या पेवातला दाणाच होती. पण पेरा दुसऱ्याचा होता. कोणाचा आवाज मुद्रित करावयाचा हे कंपनीचे लोक कलकत्ता-मुंबईसारख्या शहरांत बसून ठरवीत, आणि ज्याचा खप होईल तेच ठरवीत. माहूरच्या रेणुकेचा गोंधळ, औशाच्या नाथ संस्थानातले चक्रीभजन, माळेगावच्या जत्रेतली गाणी, किनवटच्या डोंगरातल्या गोंड-कोलामांचे आणि तांड्यांवरच्या बंजाऱ्यांचे सूर यांना त्या हिशेबात फारशी जागा नव्हती. केसरबाई केरकरांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून सूर्यमालेच्या सीमेकडे निघाली. औशाचे भजन मात्र शेजारच्या जिल्ह्यात पोचावयाचे तर भजनकऱ्यांनाच चालत जावे लागे.

मग रेडिओ आला. तबकडीच्या मानाने त्याचे गाणे अमाप. पण ते साठत नसे. नळाला पाणी यावे तसे ते ठरलेल्या वेळी येई आणि जाई. हैदराबाद संस्थानात 1935 साली डेक्कन रेडिओ सुरू झाला. पुढे औरंगाबादेसही त्याचे केंद्र होते. कार्यक्रम बहुतांश उर्दू. मराठी, तेलुगू व कानडी यांच्या वाट्याला थोडाथोडा वेळ. प्रजेतील मोठ्या भागाची भाषा कोणती आणि ध्वनिक्षेपणाची कोणती, याची सांगड घालण्याची गरज दरबाराला वाटत नव्हती. याच डेक्कन रेडिओवरून 17 सप्टेंबर 1948 रोजी खुद्द निजामाला आपल्या सैन्याच्या शस्त्रसंधीची घोषणा करावी लागली. ज्या प्रवाहावर त्याची सत्ता होती, त्याच प्रवाहातून ती सत्ता संपल्याची वार्ता घरोघर गेली. नांदेड तेव्हा जिल्ह्याचे ठाणे होते आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातले एक गाव. लातूर जिल्हा झाला तो 1982 साली.

डेक्कन रेडिओ 1950 साली आकाशवाणीत विलीन झाला. राज्य आपले झाले, तरी प्रवाह कोणाचा हा प्रश्न मिटला नाही. आकाशवाणीने 1940 साली हार्मोनियमला बंदी केली होती, ती शिथिल व्हावयास 1971 साल उजाडले. पेटीवाचून आपल्याकडचे भजन नाही, नाट्यगीत नाही. नांदेडच्या सचखंड हुजूरसाहिबातले रागीही पेटीवरच कीर्तन करतात. तीस वर्षे हे वाद्य देशभर घरोघर वाजत होते आणि सरकारी ध्वनिक्षेपणात मात्र निषिद्ध होते. श्रुतींच्या शुद्धतेचा युक्तिवाद खोटा नव्हता. परंतु तो श्रोत्याला विचारून केलेला नव्हता. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 साली नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. त्यांच्या काळात शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, हे त्यांच्या पदरी घालावेच लागेल. पण सिनेमाची गाणी त्यांनी आकाशवाणीवरून हद्दपार केल्यासारखीच केली आणि सारा देश रेडिओ सिलोनकडे वळला. बिनाका गीतमाला त्याच 1952 सालची. दिल्ली देईना ते गाणे समुद्रापलीकडच्या कोलंबोहून, लघुलहरींवर खरखरत, चढत-उतरत येई. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 रोजी सरकारने विविधभारती सुरू केली. श्रोत्याने केवळ काटा फिरवून मिळविलेला हा विजय होय.

मधल्या काळात 1948 साली लाँग प्ले तबकडी निघाली, एका बाजूस वीस-बावीस मिनिटांची, आणि दहा वर्षांनी स्टिरिओ आला. ‘हाय-फाय’ म्हणजे मूळ नादाशी जास्तीत जास्त इमान राखणारा संच. तो शब्द याच काळात रूढ झाला. मात्र हा सारा बडेजाव थोड्याच घरांपुरता होता. आपल्या भागात खरी क्रांती केली ती कॅसेटने.

फिलिप्स कंपनीने 1963 साली ती प्रथम दाखविली आणि 1980 च्या दशकात ती आपल्या खेड्यापाड्यांत शिरली. तिचा मोठेपणा स्वस्ताईत नव्हता. लाल कळ दाबली की कोणालाही ध्वनिमुद्रण करता येई, यात होता. गाण्याचा पेरा प्रथमच गावाच्या हाती आला. सप्त्यातले काल्याचे कीर्तन, आजीची ओवी, भीमजयंतीच्या मंडपातली गायनपार्टी हे सारे मांडीवर ठेवलेल्या यंत्रात उतरू लागले. बाजारातही प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकाला जे श्रोते मिळाले, ते कॅसेटच्या या विस्तारामुळेच. पण फितीवरचा चुंबकीय लेप चिरंजीव नसतो. आपल्याकडची उन्हे, धूळ आणि पत्र्याखालचा उकाडा यांत तो झडतो, फीत ताणली जाते, चिकटते. पेव भरले, पण त्याला भोक होते.

आता आकड्यांचे युग. 1982 साली निघालेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये नादाची लहर सेकंदाला 44,100 वेळा मोजतात आणि प्रत्येक मोजमाप 16 अंशी आकड्यात लिहितात. डावा-उजवा असे दोन प्रवाह धरले तर दर सेकंदाला 14,11,200 द्विमान अंक होतात; तासाभराच्या गाण्याला सुमारे 635 मेगाबाइट जागा लागते. 1995 साली नाव मिळालेली एमपीथ्री ही रीत, कानाला जाणवणार नाही असे गृहीत धरलेले बरेच काही टाकून देते आणि ओझे दहाव्या हिश्श्याइतके करते. 2001 सालची फ्लॅक ही रीत काहीही न टाकता नुसती घट्ट घडी घालते. ओझे साधारण निम्मे होते आणि घडी उलगडली की एकही अंक कमी भरत नाही. ठेवावयाची प्रत फ्लॅकमध्ये ठेवावी, प्रवासात हवी तर एमपीथ्री न्यावी, असे माझे मत आहे.

आकडे कानाला ऐकू येत नाहीत. त्यांची पुन्हा लहर करावी लागते. ज्यांनी जुने कुर्डुवाडी स्थानक पाहिले असेल त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. लातूरचा माल अडीच फुटी गाडीतून तेथे उतरे आणि मोठ्या रुळांवरच्या डब्यात चढविला जाई. पोती तीच, फक्त रूळ बदलले. आणि हमाल चांगला असेल तर पोते फुटत नसे. ‘डॅक’ नावाचे छोटे यंत्र म्हणजे नादाची कुर्डुवाडी. घरातल्या संगणकावर किंवा चकतीवर संग्रह असतो, तो घरच्याच तारेने अथवा वायफायने दिवाणखान्यात येतो, डॅकमध्ये रूळ बदलतो आणि ॲम्प्लिफायरमधून ध्वनिक्षेपकांत जातो. यासाठी बाहेरच्या इंटरनेटची गरज नसते, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते.

ती लक्षात येण्याजोगे प्रसंग नुकतेच घडले आहेत. 2016 नंतर मोबाईलचा डेटा स्वस्त झाला आणि विकतच्या गाण्यांच्या प्रवाहांचे अक्षरशः पेव फुटले. परंतु 2024 साली एअरटेलची विंक ही संगीतसेवा बंद झाली. तिच्यावर ज्यांनी आवडीच्या याद्या वर्षानुवर्षे लावून ठेवल्या होत्या, त्यांच्या हाती गाणे नव्हते. केवळ गाण्यापर्यंतची वाट होती. उलट दुसरे उदाहरण पाहावे. अमेरिकेतील स्लिम डिव्हायसेस या कंपनीने 2001 साली घरचा संग्रह घरच्या हाय-फाय संचावर ऐकविणारे यंत्र काढले. 2006 साली ती कंपनी लॉजिटेकने घेतली, 2012 साली स्क्वीझबॉक्स या नावाची ती यंत्रे काढणे थांबविले आणि 2024 साली कंपनीची मध्यवर्ती सेवाही मिटली. तरी ती यंत्रे मुकी झाली नाहीत. संग्रह घरात होता आणि तो वाजविणारी आज्ञावली खुली असल्यामुळे हौशी लोकांनी ती लिरियन या नव्या नावाने चालू ठेवली.

तेव्हा पेव पुन्हा घरात बांधता येते. त्यात भरावयाचे काय? बाजारातले गाणे आज नाही तर उद्या मिळेल. जे फक्त आपल्या घरच्या फितीवर आहे, ते मिळणार नाही. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतल्या पुष्कळ मुद्रितही झाल्या आणि 2017 पासून त्या सर्वांना इंटरनेटवर ऐकता येतात. माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या त्यांत आहेत. असे काम संस्था करतात तेव्हा उत्तमच. पण प्रत्येक गावात संस्था पोचत नाही, कपाटातल्या खोक्यापर्यंत तर नाहीच. आणि एकाच घरात ठेवलेली एकच प्रत म्हणजे काय, हे किल्लारीच्या परिसराला वेगळे सांगावयास नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे दगडमातीची घरे हजारो माणसांवर कोसळली, आणि घरांत जे काही जपलेले होते तेही त्या ढिगाऱ्यांखालीच राहिले. आकड्यांतला संग्रह असा आहे की त्याची दुसरी प्रत काढताना पहिली झिजत नाही. ती दुसऱ्या गावच्या लेकीकडे ठेवता येते.

हाय-फाय संचाचा एक गुण मात्र गैरसोयीचा आहे: तो दोषही इमानाने ऐकवितो. जुन्या तबकड्या सगळ्याच मिनिटाला 78 फेऱ्यांच्या नव्हत्या. 74 फेऱ्यांवर मुद्रित केलेली तबकडी 78 वर उतरविली तर काळी एकचा गायक जवळजवळ पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो, आणि पुढच्या पिढ्या तीच त्याची पट्टी समजतात. फितीचेही तसेच, यंत्राचे डोके तिरके असले की वरचे स्वर मंद होतात. शिवाय येथे घाई चालत नाही. साठ मिनिटांची कॅसेट नीट उतरवून घ्यावयास साठ मिनिटेच लागतात, आणि कोणीतरी ती ऐकत बसावेच लागते. त्याआधी डबीतला कागद पाहावा. गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, कोणाच्या बारशाला किंवा लग्नाला गाणे झाले ते साल, हे तेथे शिसपेन्सिलीने खरडलेले असते. पेन्सिलीचे ते अक्षर फितीच्याही आधी पुसट होते, आणि फीत कितीही वेळा वाजविली तरी तिच्यावर ते नाव कोठेच ऐकू येत नाही.