बटाट्यातला सायटोक्रोम

डोंबिवलीहून लोकलने फोर्टच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला जाणार असाल, तर तिथे संचालक झालेल्या कमला सोहोनींविषयी वाचून जा. १९३३ मध्ये बंगळुरूला सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. शेवटी अटी घालून घेतलं. (अटी अपमानाच्याच, माझ्या मते.) पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना त्यांना सायटोक्रोम सी सापडला, १९३९ मध्ये पीएचडी. म्हणजे पेशींच्या श्वसनाची ही कडी वनस्पतींतही होती! मायटोकाँड्रियाच्या दोन पडद्यांमध्ये हे प्रथिन इलेक्ट्रॉनची ने-आण करतं. १९९६ मध्ये कळलं की तेच मायटोकाँड्रियाबाहेर पडलं तर पेशीच्या मरणाची यंत्रणा सुरू होते. वार्धक्यावरच्या संशोधनात तुम्हाला ते वारंवार भेटेल.