प्रतीक्षायादीतला प्रश्न

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. त्यांतील एकाची मूत्रपिंडे निकामी झाली, तर तो कोयताच मोडतो. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी सुमारे चार तास डायलिसिसच्या यंत्राशी बांधलेल्या माणसाला फडावर जाता येत नाही. घेतलेली उचल मात्र फेडायची राहते. अशा घरात मूत्रपिंडरोपणाची वाट पाहणारा रुग्ण मनाशी एकच प्रश्न घोळवीत असतो : मी घरावर ओझे तर झालो नाही ना? डॉक्टरांच्या चिठ्ठीवर या प्रश्नाची नोंद नसते. त्याला इतिहास मात्र आहे.

दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये, डॉ. विलेम कोल्फ यांनी कृत्रिम मूत्रपिंड तयार केले. १९४५ साली त्यामुळे पहिला रुग्ण वाचला. परंतु हा उपचार थोडे दिवसच करता येई, कारण दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. १९६० साली अमेरिकेतील सिएटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायम राहणारी टेफ्लॉनची नळी योजिली आणि डायलिसिसवर वर्षानुवर्षे जगणे शक्य झाले.

आता नवाच पेच उभा राहिला. रुग्ण पुष्कळ आणि यंत्रे मोजकी! तेव्हा सात नागरिकांची एक समिती नेमण्यात आली. तीत एक धर्मोपदेशक होते, एक वकील होते, एक गृहिणीही होती. रुग्णाचे वय, मिळकत, मुलेबाळे, व्यवसाय, एवढेच नव्हे तर चर्चच्या कार्यातील सहभागही तोलून यंत्र कोणाला द्यायचे ते ही समिती ठरवी. १९६२ साली ‘लाइफ’ साप्ताहिकाने ही हकिकत छापली आणि मोठी खळबळ उडाली. पुढे १९७२ च्या कायद्याने अमेरिकन सरकारने बहुतेक सर्व रुग्णांच्या खर्चाची तरतूद केली आणि अशा निवडीचे कारण उरले नाही.

समिती गेली, तिचा प्रश्न रुग्णांच्या मनात घर करून राहिला. बीडचा रुग्णही रात्र-रात्र जागून स्वतःचाच निवाडा करतो. मिळकत थांबली, पोरीच्या लग्नाचा पैसा औषधात चालला. मग मी जगण्यास पात्र आहे काय?

आपल्या मुंबईने एकदा या प्रश्नाचे सुंदर उत्तर पाहिले. आणीबाणीत स्थानबद्ध असलेले जयप्रकाश नारायण नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटले, ते मूत्रपिंडे निकामी झालेल्या अवस्थेत. त्यांच्यावर जसलोक रुग्णालयात उपचार सुरू झाले. यंत्रासाठी इंदिरा गांधींनी पाठविलेले ९०,००० रुपये त्यांनी स्वीकारले नाहीत. यंत्र आले ते लोकवर्गणीतून. डायलिसिसवर असतानाच त्यांनी १९७७ साली विरोधी पक्षांना एकत्र आणले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी त्यांचे निधन झाले. ते लोकनायक होते, हे खरे. तरी ‘तुम्ही आम्हांला हवे आहात’ असे लोकांनी वर्गणीतून जे सांगितले, तेच ऐकण्यासाठी प्रत्येक रुग्णाचे कान आसुसलेले असतात.

१९९४ च्या कायद्याने आपल्या देशात अवयवांचा व्यापार गुन्हा ठरला आणि मेंदूमृत व्यक्तीचे अवयव घेण्यास मान्यता मिळाली. मराठवाड्यातील प्रतीक्षायादी आज छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय केंद्राकडे असते. त्या यादीत नाव असणे म्हणजे आशा, आणि तिच्याबरोबरच एक टोचणीही : आपल्याला मूत्रपिंड मिळेल तेव्हा कुठल्या तरी घरी आकांत झालेला असेल.

२९ ऑगस्ट २००० रोजी रोम येथे प्रत्यारोपणतज्ज्ञांपुढे बोलताना पोप जॉन पॉल दुसरे यांनी अवयवदानास प्रेमाचे कृत्य म्हटले. अवयव कोणाला द्यायचा हे ठरविताना धर्म, प्रतिष्ठा, काम करण्याची क्षमता वा समाजाला होणारा उपयोग पाहू नये, वैद्यकीय निकषच पाहावेत, असेही त्यांनी बजावले. सिएटलच्या समितीला मिळालेले हे उत्तर आम्हांला मोलाचे वाटते.

ते रुग्णाच्या कानी घालण्याचे काम मात्र शेजाऱ्यांचे आहे. डायलिसिसच्या दिवशी एसटीत त्याच्या शेजारी बसावे. तहानेने कासावीस होऊन घोट मोजून पाणी पिणाऱ्यासमोर आपला तांब्या बाजूला ठेवावा. गावच्या निर्णयात त्याचे मत विचारावे. मूत्रपिंड केव्हा मिळेल, हे आपल्या हाती नाही. तोवर त्याला माणसांत ठेवणे आपल्या हाती आहे.