प्रत आणि प्रवाह : दिवाणखान्यातील एका पेटीचा इतिहास

छपाई येण्यापूर्वी ज्याला ग्रंथ हवा असे त्याला तो उतरवून घ्यावा लागे. मूळ पोथी कोणाकडे आहे याचा शोध घ्यायचा, ती काही दिवसांच्या बोलीवर मागून आणायची, बोरू आणि शाई घेऊन बसायचे, आणि शेवटच्या पानावर 'जसे पाहिले तसे लिहिले, चूक असल्यास दोष आमचा नव्हे' अशा आशयाची विनवणी करून लेखणी खाली ठेवायची. हेच 'उतरवून घेणे' पुढे आपण कॅसेटींसाठी वापरले आणि आंतरजालावरून फाइल घेण्यासाठीही वापरतो. क्रियापद एकच राहिले, कारण कृतीचे मर्मही एकच आहे : दुसरीकडे असलेली वस्तू आपल्या घरात यावी.

या परंपरेतील एका अलीकडच्या आणि अल्पायुषी अध्यायाविषयी आम्ही येथे लिहीत आहोत. संगणकावर साठवलेली गाणी आणि चित्रपट दूरचित्रवाणी संचाशेजारच्या पेटीत नेऊन ठेवण्याचा हा अध्याय ढोबळमानाने १९९८ ते २०१० असा बारा वर्षांचा आहे. तो घडला प्रामुख्याने अमेरिकेत. हा इतिहास यंत्रांचा म्हणून सांगितला जातो. आम्हांला तो मालकीचा वाटतो.

आरंभ ध्वनीपासून होतो. सीडीवरील संगीताला सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट लागतात. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या पद्धतीच्या घडणीत मोठा वाटा उचलला, तिने कानाला ऐकू न येणारा भाग गाळून हे काम १२८ किलोबिटांत भागवले. १९९५ मध्ये तिच्या फाइलींना 'एमपी३' हे शेपूट मिळाले. चार मिनिटांचे गाणे चार मेगाबाइटांच्या आत मावू लागले आणि संगणक हीच घरातील संगीताची कोठी झाली. १९९८ मध्ये डायमंड मल्टिमीडिया या कंपनीने 'रिओ पीएमपी३००' हे खिशात मावणारे यंत्र आणले, तेव्हा ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने न्यायालय गाठले. १९९९ मधील अपील न्यायालयाचा निकाल रिओच्या बाजूने लागला. १९८४ मध्ये बेटामॅक्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी म्हटले होते की कार्यक्रम मुद्रित करून सवडीने पाहणे हा गुन्हा नव्हे. तेथे प्रेक्षकाने वेळ बदलली होती, येथे श्रोत्याने जागा बदलली. स्वतःजवळ असलेले गाणे स्वतःच्याच दुसऱ्या यंत्रात नेणे हा खाजगी वापर होय, हे तत्त्व या निकालात आले.

मग चित्रपटांचे काय? येथे गणित आडवे आले. १९९९ साली मान्य झालेल्या ८०२.११बी या वायफाय मानकाचा कागदोपत्री वेग सेकंदाला ११ मेगाबिट होता, प्रत्यक्षात त्याच्या निम्माच हाती लागे. एमपी३ गाण्याला तो भरपूर होता. डीव्हीडीवरील चित्राला मात्र सरासरी चार-पाच मेगाबिट लागत आणि धावपळीच्या दृश्यांत मागणी दहाच्या आसपास जाई. चित्र अडखळणार हे ठरलेलेच. याउलट एका सीडीवर मावेल असा ७०० मेगाबाइटांपर्यंत आवळलेला चित्रपट त्याच वायफायवरून वीसेक मिनिटांत पलीकडे पोचे, आणि एकदा पोचला की अडखळण्याचा प्रश्नच उरत नसे. म्हणजे गाणे वाहू शकत होते, चित्रपट मात्र वाहून न्यावा लागे. टीव्हीशेजारच्या पेटीत हार्ड डिस्क असण्यामागे मालकीहक्काचे तत्त्वज्ञान नव्हते. निव्वळ तारा आणि लहरी अपुऱ्या पडत होत्या. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढची सारी कथा त्यावर उभी आहे.

गाण्यांच्या वाटेवरची पहिली उल्लेखनीय पेटी म्हणजे स्लिम डिव्हायसेस या लहान कंपनीची २००१ मधील 'स्लिम्प३'. तिच्यात डिस्क नव्हती. संगणकावर एक सर्व्हर आज्ञावली चाले आणि पेटी तिच्याकडून गाणे मागून घेई. त्या आज्ञावलीचा मूळ पाठ सर्वांसाठी खुला होता, ही त्या वेळी केवळ हौशी लोकांना महत्त्वाची वाटलेली बाब. तिच्याकडे आपण पुन्हा येऊ.

चित्रपटांच्या वाटेवर अधिक उपद्व्यापी मंडळी होती. २००१ च्या अखेरीस आलेला मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स हा खेळांचा संच, पण आत ७३३ मेगाहर्ट्‌झचा इंटेल प्रोसेसर आणि ८ गिगाबाइटांची हार्ड डिस्क, म्हणजे मुळात संगणकच. काही हौशी प्रोग्रामरांनी त्याची कुलपे उघडून त्याला चित्रपट दाखवायला शिकवले. २००२ मध्ये सुरू झालेल्या या उद्योगातून २००४ च्या जूनमध्ये 'एक्सबॉक्स मीडिया सेंटर' ऊर्फ एक्सबीएमसीची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. फाइल एफटीपीने संचातील डिस्कवर ढकलता येई, किंवा संगणकावरील सामायिक फोल्डर थेट उघडता येई. या दुसऱ्या सोयीमागे एक जुना धागा होता. विंडोजच्या संगणकांची फाइली वाटून घेण्याची भाषा कॅनबेरातील अँड्र्यू ट्रिजेल या संशोधक विद्यार्थ्याच्या कामामुळे इतरांना बोलता येऊ लागली होती. तारेवरून जाणारे संदेश न्याहाळत त्याने १९९१-९२ च्या सुमारास हा उद्योग आरंभला. पुढे नाव शोधताना एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने येणारे शब्द शब्दसूचीतून काढले आणि 'सांबा' हे नाव निवडले. घरातील एका यंत्राने दुसऱ्याशी बोलावे यासाठी किती परभाषा शिकाव्या लागल्या, याचे हे एक उदाहरण.

कंपन्यांनीही समान भाषेचा प्रयत्न केला. सोनी आणि इंटेल यांच्या पुढाकाराने २००३ मध्ये स्थापन झालेली आणि पुढे डीएलएनए नावाने ओळखली गेलेली संघटना हे त्याचेच फळ. कोणत्याही कंपनीचा संगणक आणि कोणत्याही कंपनीचा टीव्ही यांचे जमावे, हा हेतू स्तुत्य होता. व्यवहारात 'ही फाइल उघडता येत नाही' या संदेशाशी ज्यांची गाठ पडली, त्यांना त्या हेतूची मर्यादा ठाऊक आहे.

दरम्यान न्यायालयात वारे फिरत होते. रिप्लेटीव्ही हा १९९९ मधील आद्य डिस्कवाल्या मुद्रकांपैकी एक. त्याच्या २००१ मधील आवृत्तीत मुद्रित कार्यक्रम आंतरजालावरून दुसऱ्याच्या रिप्लेटीव्हीला धाडण्याची सोय होती. चित्रपटसंस्थांनी दावा लावला आणि तिची उत्पादक सोनिकब्लू २००३ मध्ये दिवाळखोरीत गेली. ही तीच कंपनी, जिच्या पोटात रिओवाली डायमंड सामावली होती. विकत घेतलेल्या डीव्हीडी घरातील सर्व्हरवर उतरवून देणाऱ्या कॅलिडेस्केपवर २००४ मध्ये खटला झाला. २००७ मध्ये ती जिंकली, २००९ मध्ये अपिलात निकाल उलटला, आणि २०१४ मध्ये तडजोड झाली. गाण्याच्या सीडीला कुलूप नव्हते, डीव्हीडीला होते. रिओला मिळालेले अभय चित्रपटाला मिळाले नाही ते या फरकामुळे.

या पार्श्वभूमीवर मार्च २००७ मध्ये ॲपल टीव्ही बाजारात आला. किंमत २९९ डॉलर, डिस्क ४० गिगाबाइटांची. कंपनीच्या हिशेबाने तीत सुमारे ५० तासांची दृश्ये मावत. या पेटीचा एकाच संगणकाशी 'सिंक' होई, म्हणजे त्यावरील आयट्यून्सच्या संग्रहातून निवडलेल्या फाइलींची प्रत पेटीत उतरे. याखेरीज आणखी पाच संगणकांवरील संग्रह प्रत न करता पाहता येत. प्रत आणि प्रवाह या दोन्ही पद्धती एकाच पेटीत नांदत होत्या.

त्या सिंकचा अनुभव आज समजावून सांगावा लागेल. सेकंदाला वीस मेगाबिट इतका चांगला वेग मिळाला तरी पूर्ण डिस्क भरायला साडेचार तास लागत. म्हणून रात्री काम लावून निजायचे. त्याआधी निवड करावी लागे : कोणते चित्रपट न्यायचे, कोणती मालिका पाहून झाली, कशाला जागा द्यायची. ४० गिगाबाइटांची तंगी हीच मुळी संपादकाची भूमिका लादत असे. आणि दिवाणखान्यात कोणी पाहुणा आला, तर पडद्यावरची यादी म्हणजे घरमालकाच्या अभिरुचीचे कपाट असे.

हे कपाट पूर्णपणे आपले होते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आयट्यून्सच्या दुकानातून विकत घेतलेल्या फाइली सांकेतिक लिपीत असत आणि ठरावीक यंत्रांवरच उघडत. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत बंद केले आणि ते बाहेरच्या अभ्यासकांपुढे खुले व्हायला विसावे शतक उजाडावे लागले, हे मराठी वाचकाला स्मरेल. जवळ पोथी असणे आणि ती वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाण्यांवरची ही बंधने २००९ मध्ये उठली. चित्रपटांवरची कायम राहिली.

वळण फार लवकर आले. नेटफ्लिक्सने २००७ च्या जानेवारीत चित्रपट आंतरजालावरून वाहता दाखवायला सुरुवात केली होती. मे २००८ मध्ये रोकू कंपनीने त्यासाठी शंभर डॉलरांची पेटी आणली. तिच्यात डिस्क नव्हती आणि घरच्या संगणकाचीही गरज नव्हती. या कंपनीचे संस्थापक अँथनी वुड हेच रिप्लेटीव्हीचेही संस्थापक. ज्याने टीव्हीशेजारी डिस्क बसवली त्यानेच ती दहा वर्षांच्या आत काढून टाकली, ही घटना पुरेशी बोलकी आहे. सप्टेंबर २०१० मध्ये दुसरा ॲपल टीव्ही ९९ डॉलरांना जाहीर झाला. लोकांना साठवणूक सांभाळायची नाही, सिंकचा विचारही करायचा नाही, असे प्रतिपादन स्टीव्ह जॉब्स यांनी त्या वेळी केले. या पेटीत फाइल ठेवण्याची जागाच नव्हती. तिच्यावर चित्रपट विकत घेण्याची सोयही आरंभी नव्हती; घ्यायचा तो भाड्याने.

जॉब्स यांचे निदान चुकीचे होते असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. सिंकची कटकट कोणालाच हवीशी नव्हती, आम्हांलाही नव्हती. पण आधी ध्यानात ठेवायला सांगितलेला मुद्दा येथे लागू होतो. डिस्क आली ती वेग नव्हता म्हणून. वेग आल्यावर ती गेली. मधल्या काळात तिच्यामुळे प्रत घरात राहिली, हा मंदगतीचा आनुषंगिक लाभ होता. तो कोणी मागितला नव्हता, म्हणून जाताना कोणी अडवलाही नाही. पुढे सरकणारी ती कंटाळवाणी पट्टी नाहीशी झाली याचा आनंद झाला. तिच्या शेवटी जे हाती पडत असे तेही नाहीसे झाले, हे उशिरा कळले.

किती उशिरा, याच्या तारखा उपलब्ध आहेत. मे २०१८ मध्ये पहिल्या ॲपल टीव्हीचा कंपनीच्या दुकानाशी संबंध तुटला. डिस्कवरच्या फाइलींचे मात्र काही बिघडले नाही. मार्च २०२५ मध्ये गुगलच्या जुन्या क्रोमकास्ट पेट्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपल्याने काही दिवस ठप्प झाल्या. तारा शाबूत, टीव्ही शाबूत, वीज शाबूत. फक्त दूरची एक सही शिळी झाली होती. आणि ती बिनडिस्कची स्लिम्प३? तिचा वंश पुढे लॉजिटेककडे गेला, २०१२ मध्ये ती मालिका बंद झाली, २०२४ मध्ये कंपनीने मागची सेवाही बंद केली. तरीही त्या पेट्या वाजतात, कारण घरच्या संगणकावर चालणारी ती खुली आज्ञावली हौशी मंडळींनी चालू ठेवली आहे. तेव्हा प्रवाह हा दोषी नव्हे. प्रवाहाचा उगम कोणाच्या घरात आहे, एवढाच प्रश्न आहे.

हा प्रश्न मराठी घरालाही लागू आहे. आमच्याकडे काही नाट्यपदे आणि एका घरगुती मैफलीचे ध्वनिमुद्रण आहे, कॅसेटींवरून संगणकावर उतरवलेले. कोणत्याही दुकानात ते मिळत नाही आणि कोणतीही सेवा ते वाहून आणणार नाही. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील खाजगी वापराची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने संगणक-आज्ञावली वगळता सर्व प्रकारच्या कृतींना लागू झाली, पण कायद्याने दिलेली मुभा वापरायला हातात फाइल असावी लागते. एक्सबीएमसी २०१४ पासून कोडी या नावाने नांदत आहे, आणि आमच्या घरी ती मैफल त्याच्याच साहाय्याने टीव्हीवर वाजते. दरवेळी नवा संगणक आला की आम्ही ती फाइल पुढे नेतो, आणि जुन्या डिस्कवरही राहू देतो, कारण डिस्कही मरतात. पोथी टिकली ती कागद अमर होता म्हणून नव्हे. कोणीतरी पुन्हा उतरवून घेत राहिले म्हणून.