मुंबई गोदीतील जहाजबांधणी व निर्यात

परदेशी नौदलासाठी जहाजे बांधून पाठविणारे भारतातील एक प्रमुख ऐतिहासिक केंद्र. ईस्ट इंडिया कंपनीने 1736 मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया यांना मुंबईस आणले. पहिली सुकी गोदी 1750 च्या सुमारास तयार झाली आणि पुढे वाडिया घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या येथे जहाजे बांधली.

मलबारी साग ही या जहाजांची खरी ताकद होती. युरोपीय जहाजांच्या ओकच्या लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे गंजत. सागातील तेलामुळे ते टिकत. फळ्यांच्या कडांना खाचा पाडून त्या एकमेकींत घट्ट बसवीत.

जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या काळात 74 तोफांचे ‘मिंडेन’ (1810) आणि ‘कॉर्नवॉलिस’ (1813) ब्रिटिश नौदलासाठी बांधले गेले. ‘कॉर्नवॉलिस’वर 1842 मध्ये ब्रिटन व चीन यांच्यातील नानकिंगचा तह झाला. 1817 मध्ये जलावतरण झालेले ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. मुंबईच्या कारागिरांच्या कौशल्याची याहून मोठी साक्ष नाही.

लोखंडी आगबोटींच्या युगात हा व्यवसाय ओसरला.