मताचे मोल आणि सरपंचपदाचा लिलाव : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
कयाधू नदीकाठचे नरसी नामदेव (जि. हिंगोली) हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून वारकरी परंपरेत ख्यातनाम आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. येथील शेतकरी, शेतमजूर व स्त्रिया यांना प्रौढ मताधिकार प्रथम वापरता आला तो १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत. वतन, सावकारी व जमीन यांवरून जेथे माणसाचे वजन ठरत असे, तेथे प्रत्येकाच्या मताला सारखे मोल आले. हे मोल पैशात कसे मोजले जाऊ लागले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायद्याची चौकट :
मतासाठी लाच देण्याचा प्रश्न केवळ नवोदित लोकशाहीचा नाही. इंग्लंडला १८८३ मध्ये कायदा करून उमेदवाराच्या खर्चावर मर्यादा घालावी लागली. भारतात १९२० मध्ये दंडसंहितेत निवडणूकविषयक गुन्ह्यांचा समावेश झाला आणि १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने लाचलुचपतीस भ्रष्ट आचरण ठरविले. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्या खात्यात धरला; परंतु त्याच वर्षी कायदा बदलून तो वगळण्यात आला. ही सवलत २००३ मध्ये संकुचित झाली; मधल्या सुमारे तीन दशकांत मात्र खर्चमर्यादा बव्हंशी कागदावरच राहिली.

लिलावाचे स्वरूप :
१९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीस घटनात्मक स्थान दिले. सरपंचपदाचे महत्त्व वाढले आणि त्याबरोबर त्याची किंमतही. जानेवारी २०२१ मध्ये उमराणे (जि. नाशिक) येथे सरपंचपदासाठी २ कोटी ५ लाख, तर खोंडामळी (जि. नंदुरबार) येथे ४२ लाख रुपयांची बोली लागल्याचे उघडकीस आले. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही ठिकाणची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. उमराण्यातील रक्कम मंदिराच्या कामासाठी होती.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. घरोघरी पैसे वाटले गेले, तरी मतदान गुप्त असल्याने मतदार पैसे घेऊनही स्वेच्छेने मत देऊ शकतो. लिलावात ही शक्यताच उरत नाही, कारण मतदानच होत नाही. लाचेचा कायदा मुख्यतः देणारी व घेणारी व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवतो. लिलावात घेणारे 'गाव' असते आणि व्यवहाराला 'बिनविरोध' हे प्रतिष्ठित नाव मिळते. रक्कम देवकार्यास जाते, म्हणून विरोध करणाराच गावद्रोही ठरतो. ज्याच्याजवळ बोलीपुरता पैसा नाही, तो उमेदवारीस व मतास एकदमच मुकतो.

समारोप :
मताची खरेदी व्यक्तीकडून समूहाकडे सरकली, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय. नरसीसारख्या तीर्थक्षेत्रांच्या प्रदेशात मंदिराचे काम हे सर्वांच्या श्रद्धेचे व वर्गणीचे असते. त्याच कामासाठी गावाचा मताधिकार विकला जात असेल, तर १९५२ मध्ये मोडू लागलेली वजनाची उतरंड पुन्हा उभी राहते. म्हणून कायद्याने सामूहिक सौद्याचीही स्पष्ट व्याख्या करणे आणि बिनविरोध निवडीची कारणे आयोगाने तपासणे अगत्याचे आहे.